गाव कोणते? : विकेंद्रित जाळे आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

१

मराठवाड्यात अनोळखी माणसाशी बोलणे सुरू झाले की दुसरा किंवा तिसरा प्रश्न 'गाव कोणतं?' हा असतो. नांदेडच्या बसस्थानकावर तो विचारला जातो. लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलाला खोली दाखविताना घरमालकही तो विचारतो. प्रश्न आपुलकीचा आहे. कारण गाव सांगितले की सोयरीक निघते, ओळखीचा एखादा शिक्षक निघतो, आणि परकेपणा कमी होतो. तोच प्रश्न चाचपणीचाही आहे. कारण गावानंतर आडनाव आणि आडनावानंतर जात असा त्याचा पुढचा प्रवास ठरलेला असतो. एकाच वाक्यात स्वागत आणि तपासणी या दोन्ही क्रिया घडतात. कोणती घडली, हे ऐकणाऱ्याला आपल्या सामाजिक स्थानावरून कळते.

हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत एका वेगळ्या ठिकाणी विचारला जाऊ लागला आहे. 'मॅस्टोडॉन' या नावाने ओळखले जाणारे समाजमाध्यम २०१६ साली जर्मनीतील ऑयगेन रोचको या तरुणाने सुरू केले. ते एका कंपनीच्या मालकीचे एकच दालन नाही. त्याची आज्ञावली मुक्त आहे. ती कोणीही आपल्या यंत्रावर चालवावी आणि आपला स्वतंत्र सर्व्हर उभारावा. असे हजारो सर्व्हर परस्परांशी बोलतात ते 'ॲक्टिव्हिटीपब' या सामायिक संकेतामुळे. जागतिक जाळ्याची मानके ठरविणाऱ्या संस्थेने या संकेताला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. या जाळ्यावरचे लेखन सहसा कोणालाही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते; त्यासाठी खाते लागत नाही आणि एखादे ॲपही उतरवून घ्यावे लागत नाही. परंतु परक्या सर्व्हरवरील लेखन वाचता वाचता उत्तर द्यावेसे वाटले, तर तेथल्या तेथे लिहिता येत नाही. पडद्यावर एक चौकट उघडते आणि तुमचे खाते कोणत्या सर्व्हरवर आहे, असे विचारते. तुम्ही ते सांगता. ब्राउझर तुम्हाला तुमच्या घरी परत नेतो आणि उत्तर तेथून निघते. इतरांना ते दिसते तेव्हा तुमच्या नावाला तुमच्या सर्व्हरचे नाव जोडलेले असते. ऐकायला कोणीही यावे, बोलणाऱ्याने मात्र गाव सांगावे, असा हा शिष्टाचार आहे.

या शिष्टाचाराची नैतिक बाजू तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. केंद्र नसलेल्या व्यवस्थेत उच्चारलेल्या शब्दाचे उत्तरदायित्व कोणाकडे असते? आणि बोलण्यापूर्वी गाव सांगावे लागणे हे स्वातंत्र्याचे लक्षण मानावे की बंधनाचे?

२

आपल्याकडे हा प्रश्न तात्त्विक कुतूहलातून आलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटरवरील खाते निलंबित झाले. प्रथम कारण ठरले ते नाझी सलामी देण्यास नकार देणाऱ्या एका माणसाचे प्रसिद्ध छायाचित्र. नंतर कारण ठरली ती हिंदी कवी गोरख पांडे यांची कविता. या कवितेच्या शीर्षकात फाशी देण्याची आज्ञा आहे, पण संपूर्ण कविता फाशी देणाऱ्या सत्तेवर उलटलेली आहे. वक्रोक्ती ज्याला कळते त्या वाचकाला हे सांगावे लागत नाही. केंद्रातील नियमाने मात्र शीर्षक वाच्यार्थाने घेतले. त्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये, माध्यमाच्या जातीय पक्षपाताविषयीच्या आरोपांची भर पडून, अनेक भारतीय लेखक-वाचक मॅस्टोडॉनकडे वळले.

साहित्याच्या अभ्यासकाला या घटनेत एक परिचित मुद्दा दिसेल. अर्थ संहितेत गोठलेला नसून वाचनाच्या सामायिक सवयी असलेल्या समूहात तो ठरतो, असे स्टॅन्ली फिश यांनी १९८० साली मांडले. ते मान्य केले, तर संपूर्ण जगासाठी एकच वाचक नेमणे ही केवळ प्रशासकीय सोय उरत नाही; तो अर्थनिर्णयाच्या अधिकाराचा संकोच ठरतो. मराठी, हिंदी, तेलुगू वा दख्खनी बोलीतला उपरोध दूर कोठेतरी बसलेल्या नियमाने वाचायचा, आणि चुकला तर बोलणाऱ्याने गप्प व्हायचे, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांना आपली भाषा कळते अशांच्या हाती निवाडा असावा, ही विकेंद्रीकरणाची सर्वांत सबळ बाजू होय.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. देरिदा यांच्या १९६६ च्या व्याख्यानापासून 'केंद्र' हा शब्द समीक्षेत संशयास्पद ठरला, आणि केंद्राचा प्रत्येक ऱ्हास हा जणू मुक्तीचाच क्षण असे मानण्याची सवय आपल्याला जडली. परंतु केंद्र ढळणे आणि विकेंद्रीकरण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत केंद्राचे समर्थन कोसळते. दुसरीत केंद्रांची संख्या वाढते. नांदेड-लातूरच्या वाचकाला हा भेद पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले ते तत्कालीन औरंगाबादचा भार आणि अंतर कमी करण्यासाठी. त्यानंतर लातूरला उपकेंद्रही झाले. पण २००९ साली महसुली विभागाचे विभाजन करून नांदेडला आयुक्तालय नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूर विरोधात रस्त्यावर उतरले. केंद्र असावे की नसावे, हा वाद त्या वेळी नव्हताच. ते कोठे असावे, एवढाच वाद होता. मॅस्टोडॉनवरही हेच घडताना दिसते. हजारो सर्व्हरांतून एकाची निवड करणे नवख्याला अवघड जाते, आणि तो सर्वांत मोठ्या सर्व्हरकडे जातो. २०२३ पासून तर अधिकृत ॲपच त्याला प्रथम तिकडे नेऊ लागले. परिघावर घरे बांधण्याची मुभा असूनही वस्ती पुन्हा चावडीभोवतीच दाटते.

३

विकेंद्रित जाळ्याचे समर्थक ज्या भाषेत बोलतात ती भारतीय वाचकाने आधी ऐकलेली आहे. लहान, स्वायत्त, परस्परांशी स्वेच्छेने जोडलेल्या वस्त्या आणि त्यांच्यावर कोणीही अधिपती नाही, हे चित्र गांधींच्या ग्रामस्वराज्याचे आहे. जुलै १९४६ मध्ये त्यांनी समाजरचनेसाठी शिखर असलेल्या पिरॅमिडऐवजी सागरातील विस्तारत जाणाऱ्या वर्तुळांची प्रतिमा योजली. त्या वर्तुळांच्या मध्यभागी व्यक्ती होती, पण ती आपल्या खेड्यासाठी स्वतःला अर्पण करण्यास सिद्ध असलेली व्यक्ती होती.

या चित्राला उत्तर मिळाले ते ४ नोव्हेंबर १९४८ रोजी. संविधानाचा मसुदा सभागृहात मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यांचा आक्षेप खेड्याच्या लहानपणाला नव्हता. लहान ठिकाणी सत्ता जवळ येते, आणि जवळची सत्ता दूरच्या सत्तेपेक्षा सौम्य असते असे मानण्यास आधार नाही, हे त्यांच्या अनुभवाचे सार होते. मराठवाड्याने त्याची किंमत मोजलेली आहे. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला, तो मुंबईत. त्याचा सूड मात्र खेड्यांतील दलित वस्त्यांवर घेतला गेला; नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा बळी गेला. तेथे मारणारा आणि मरणारा परस्परांना नावाने ओळखत होते. लांबच्या केंद्राला आपले नाव ठाऊक नसणे ही केवळ उपेक्षा नसते. कधी कधी ती ढालही असते.

म्हणूनच सर्व्हर हे गाव मानायचे, तर त्याचा पाटील कोण, हे विचारणे क्रमप्राप्त आहे. सर्व्हर चालविणारा एकटा माणूस एखादे खाते बंद करू शकतो, एखाद्या परक्या सर्व्हरशी संपूर्ण संबंध तोडू शकतो आणि कंटाळला तर घरच मोडू शकतो. त्याच्या यंत्रावरील तथाकथित खासगी निरोपही मॅस्टोडॉनच्या साध्या रचनेत त्याच्यापासून तत्त्वतः लपलेले नसतात. त्याच्यावर ना निवडणुकीचे बंधन, ना लेखी राज्यघटनेचे. केंद्रीय कंपनी निदान मोठी असल्यामुळे न्यायालयात खेचता येते. हा शेजारी आहे, आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार घेऊन जायला जागाच नसते.

याउलट बाजूही तितकीच खरी आहे. जुलै २०१९ मध्ये 'गॅब' हे अतिउजव्या द्वेषलेखनासाठी कुप्रसिद्ध असलेले माध्यम मॅस्टोडॉनच्या मुक्त आज्ञावलीवर आले. आज्ञावली मुक्त असल्यामुळे त्यांना ती वापरण्यापासून रोखणे कोणालाही शक्य नव्हते. तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्यांच्याशी देवाणघेवाण बंद केली. कोणी कोणाला बोलण्यास मनाई केली नाही. आमच्या अंगणात तुमचे बोलणे येऊ देणार नाही, एवढेच म्हटले. ही कृती आपल्याला योग्य वाटते. परंतु तिचे रूप 'वाळीत टाकणे' या आपल्या जुन्या शब्दापासून किती दूर आहे? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा संमत केला. ज्या समाजाला असा कायदा करावा लागला, त्याने संबंधविच्छेदाच्या या अधिकाराकडे निःशंकपणे पाहू नये. द्वेष पसरविणाऱ्याला दार लावणे आणि जातपंचायतीने दार लावणे यांत कृतीचा फरक नाही. फरक कारणाचा आहे आणि ज्याच्यावर दार लागले त्याला दुसरीकडे जागा आहे की नाही याचा आहे. म्हणून कारण जाहीर करणे हे येथे सौजन्य नसून न्यायाची किमान अट ठरते.

४

दुसरीकडे जागा असणे, हा मुद्दा निर्णायक आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली असे दाखविले की, बिघडत चाललेल्या संस्थेत माणसापुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात: आवाज उठविणे किंवा निघून जाणे. खेडे आणि सर्व्हर यांतील मूलभूत भेद येथे आहे. खेडे जन्माने मिळते, सर्व्हर निवडता येतो. आंबेडकरांनी दलितांना खेडे सोडण्याचा सल्ला दिला तो निघून जाण्यालाही राजकीय मूल्य असते हे ओळखून. आणि १९५६ चे नागपूरचे धर्मांतर हे त्या मूल्याचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. जे गाव सोडता येते ते सांगण्यात कमीपणा नाही. जे सोडता येत नाही तेच नावामागे लागते.

परंतु सोडता येते म्हणजे नेमके काय सोडता येते? मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर खाते हलविले, तर तुमचे अनुसरण करणारे वाचक तुमच्याबरोबर येतात. तुम्ही लिहिलेले मात्र जुन्या सर्व्हरवरच राहते. त्याची प्रत उतरवून घेता येते. पण नव्या घरी ते लेखन पुन्हा तुमचे म्हणून, त्या त्या संवादाच्या जागी बसविता येत नाही. जुने घर बंद पडले, की तेथील मूळ शब्दही जातात. २०२२ साली ट्विटरचे मालक बदलल्यावर या जाळ्यावर मोठी गर्दी झाली, आणि त्याच सुमारास काही जुने, स्वयंसेवी सर्व्हर चालकांच्या घरगुती अडचणींमुळे वा थकव्यामुळे बंदही झाले. युरोपीय संघाने आपल्या संस्थांसाठी २०२२ मध्ये सुरू केलेला प्रायोगिक सर्व्हरसुद्धा २०२४ मध्ये बंद करण्यात आला. शब्द मागे घेण्याची गतही अशीच आहे. तुम्ही आपले लेखन पुसले की तुमचा सर्व्हर इतरांना तसे कळवितो. पण त्यांनी आपल्याकडील प्रत पुसावी यासाठी त्यांच्या सभ्यतेखेरीज दुसरी हमी नाही. एकीकडे जपावेसे वाटणारे शब्द जपता येत नाहीत. दुसरीकडे पुसावेसे वाटणारे पुसता येत नाहीत.

शब्द आणि माणूस यांची ही ताटातूट मराठी परंपरेला अपरिचित नाही. किंबहुना ती आपल्या भक्तिपरंपरेच्या मुळाशी आहे. चोखामेळ्याचे अभंग वारकऱ्यांच्या मुखी गेले, फडांवर गायले गेले. चोखामेळ्याची समाधी मात्र महाद्वारापाशी, उंबरठ्याबाहेर राहिली. त्याच्या समाजाला पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळाला तो साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर. शब्द आत आणि माणूस बाहेर, अशी ही रचना सहा शतके कोणाला विसंगत वाटली नाही. मॅस्टोडॉनवर उलटे घडते: माणूस पुढे जातो, शब्द मागे राहतात. दोन्ही ठिकाणी बोलणारा आणि त्याचे बोलणे एकत्र पोचत नाहीत, आणि उत्तरदायित्वाला नेमके तेच हवे असते.

दोन्ही एकत्र पोचल्याचे उदाहरणही याच प्रदेशात आहे. नामदेवांचे मूळ परंपरेने हिंगोली जिल्ह्यातील नरसी येथे मानले जाते. औंढ्याच्या देवळातून त्यांना उठविण्यात आले, ते मागच्या बाजूस जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे. पुढे ते पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या ग्रंथात समाविष्ट झाली. ज्या ग्रंथाला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेड येथे गुरुपद दिले, तो हाच ग्रंथ. नरसीपासून फार दूर नसलेल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात नामदेवांचे शब्द गुरुमुखी लिपीतून, पंजाबची वाट फिरून परत आलेले आहेत. येताना ते निनावी झाले नाहीत. नामदेवांचे नाव आणि त्यांचा शिंप्याचा व्यवसाय हे दोन्ही त्यांच्याबरोबर आले. देण्याघेण्याचा संकेत सामायिक होता, पण केंद्र एक नव्हते.

येथे नाममुद्रेचे महत्त्व लक्षात येते. अभंगाच्या अखेरच्या चरणातील 'नामा' हा पत्ता संहितेच्या आत असतो; तो कोणत्या मठाने वा फडाने बाहेरून चिकटविलेला नसतो. म्हणून अभंग जाईल तेथे कर्ता जातो. अर्थात या सोयीची किंमत आहे. नाममुद्रेची कोणतीही मध्यवर्ती नोंदवही नसल्यामुळे ती दुसऱ्यालाही घेता येते. विष्णुदास नामा आणि इतर नामे यांच्या रचना नामदेवांच्या गाथेतून वेगळ्या काढताना संशोधकांची पुरेवाट झाली आहे. अस्मिता शब्दाबरोबर नेता यावी असे म्हणायचे, तर तिची चोरी होण्याचा धोकाही स्वीकारावा लागतो. सर्व्हरचा पत्ता हा धोका कमी करतो, पण त्या बदल्यात माणसाला घरमालकाशी बांधतो. या दोहोंपैकी एकाची निवड निष्पाप आहे, असे म्हणता येणार नाही.

५

घरमालकाशी बांधले जाणे नेहमीच वाईट असते काय? १९६० नंतरच्या अनियतकालिकांचा इतिहास याचे उत्तर देताना उपयोगी पडतो. 'सत्यकथे'च्या संपादकीय अधिकाराविरुद्ध त्या पिढीने दोन प्रकारे प्रतिक्रिया दिली. १९६९ साली 'सत्यकथे'ची होळी करण्यात आली; हा हर्शमन यांच्या अर्थाने आवाज होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून 'अस्मितादर्श' उभे केले. हे निघून जाणे होते. पण ते परतीची वाट न मोडणारे निघून जाणे होते. दलित लेखकाला प्रवेश द्यायचा की नाही, हे ज्यांच्या हाती होते त्यांच्या दारात थांबण्याऐवजी त्याने आपले घर बांधले आणि तेथून सर्वांशी बोलायला सुरुवात केली. मराठी साहित्याचे पुढचे स्वरूप त्या बोलण्याने बदलले.

या घराला मालक होता, आणि त्याचे नाव-पत्ता अंकावर छापलेला होता. 'गाव कोणते?' हा प्रश्न येथे लेखकाआधी संपादकाला लागू होत होता. छापलेल्या शब्दाबद्दल कायद्यापुढे, टीकाकारांपुढे आणि आपल्याच लेखकांपुढे उभे राहण्याची जबाबदारी तो स्वतःच्या नावावर घेत होता. विकेंद्रीकरणाचे नैतिक मूल्य केंद्र नसण्यात नाही. ते अशा अनेक, उत्तर देण्यास बांधलेल्या घरमालकांच्या असण्यात आहे. शिवाय ज्याला घर मानवले नाही त्याला आपल्या लेखनासह दुसरीकडे जाता येत होते. 'अस्मितादर्श'मधील कविता पुढे कवीच्या संग्रहात येई आणि संपादकाने तिच्यावर हक्क सांगितला नाही, तर तिला दोन गावे लाभत.

या निकषांवर आजच्या जाळ्याकडे पाहिले, तर त्याचे अपुरेपण नेमके सांगता येते. पाहुण्याला गाव विचारण्यात ते पुढे आहे. यजमानाला उत्तरदायी करण्यात मागे आहे. माणसाला निघून जाऊ देण्यात ते उदार आहे. त्याचे शब्द त्याला देण्यात कृपण आहे. हे दोष तंत्राने काही अंशी दूर होतीलही. पण यजमानाने उत्तर देणे ही तंत्राची बाब नाही. ती संस्कृतीची बाब आहे, आणि ती आपल्याला परकी नाही.

नेदरलँड्समधील विद्यापीठांच्या सामायिक संगणक-संस्थेने २०२३ मध्ये विद्यार्थी-अध्यापकांसाठी असा सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू केला. नांदेडच्या विद्यापीठाने वा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयाने उद्या तसे करावे, असे सुचविणे सोपे आहे, आणि ते करण्यासारखेही आहे. आपल्या बोलीतला उपरोध कळणारा यजमान त्यामुळे मिळेल. परंतु त्या सर्व्हरवर एखाद्या विद्यार्थिनीने वसतिगृहातील भेदभावाविषयी लिहिले, तर काय होईल, हा प्रश्न यंत्र विकत घेण्यापूर्वी विचारला पाहिजे. तिचे लेखन काढले, तर कारण लेखी देणार का? ते देण्यास कोण बांधील असेल? आणि तिने घर सोडले, तर तिचे शब्द तिच्या हाती देणार का? या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवली नाहीत, तर दूरच्या अज्ञानी केंद्राच्या जागी आपण एक जवळचे, सर्व काही जाणणारे केंद्र बसविलेले असेल. त्या विद्यार्थिनीला मग 'गाव कोणते?' या प्रश्नातले स्वागत ऐकू येणार नाही; चाचपणीच तेवढी ऐकू येईल.